माणसाचं मन वयानुसार बदलतं, हे कळतं कसं?

माणसाची बुद्धी विशीत ऐन भरात असते आणि तिशी ओलांडली की उताराला लागते, असं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बरेच मानसशास्त्रज्ञ धरून चालले होते. ही कुणाची लहर नव्हती. त्यांच्या हाताशी आकडे होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने सुमारे १७ लाख जणांच्या बुद्धिचाचण्या घेतल्या, त्यात मोठ्या वयाच्यांचे गुण तरुणांपेक्षा कमी भरले. १९३९ मध्ये डेव्हिड वेक्सलर यांनी प्रौढांसाठी खास चाचणी काढली. तिच्या आलेखातही रेषा विशी-पंचविशीत वर जाऊन पुढे घसरतच गेली.

आकडे खरे होते. त्यातून काढलेला अर्थ मात्र गडबडीचा होता.

आजोबा, वडील आणि नातू एका फोटोत उभे आहेत. नातू सगळ्यांत उंच, आजोबा सगळ्यांत बुटके. हा एकच फोटो पाहून कुणी म्हणालं की ‘वय वाढतं तसा माणूस पाच-सहा इंचांनी खुजा होत जातो’, तर आपण हसू. आजोबा विशीतही नातवाएवढे उंच नव्हते, हे आपल्याला माहीत असतं. म्हातारपणी उंची थोडी कमी होते हे खरं, पण फोटोत दिसणारा फरक मुख्यतः पिढीचा असतो. बुद्धीच्या बाबतीत नेमका हाच घोटाळा झाला होता. १९३० च्या दशकातला साठीचा माणूस आणि त्याच दशकातला विशीचा तरुण यांच्यात फक्त चाळीस वर्षांचं अंतर नव्हतं. म्हाताऱ्याच्या वाट्याला शाळेची वर्षं कमी आली होती, लहानपणचं पोषण आणि आजार वेगळे होते, आणि कागदावरची कोडी वेळ लावून सोडवायची सवय तर जवळजवळ नव्हतीच.

विकासात्मक मानसशास्त्र म्हणजे लहान मुलांचं मानसशास्त्र, असा समज अजूनही आहे. गेली पन्नासेक वर्षं ही शाखा पाळण्यापासून मरणापर्यंतचं सगळं आयुष्य कवेत घेते. पण तिची खरी डोकेदुखी ‘कोणत्या वयात काय होतं’ ही नाहीच. दिसलेला बदल वयामुळेच झाला हे सिद्ध कसं करायचं, ही आहे.

तीन गोष्टी एकमेकींत अडकलेल्या

कोणत्याही माणसाची मोजणी करताना तीन काळ एकत्र येतात: त्याचं वय, त्याचं जन्मसाल आणि मोजणीचं साल. त्यातले दोन ठरले की तिसरा आपोआप ठरतो. २०२० मध्ये सत्तर वर्षांचा असलेला माणूस १९५० च्या आसपासच जन्मलेला असणार, दुसरा पर्याय नाही. आता समजा, एका पाहणीत सत्तरीतली माणसं तिशीतल्यांपेक्षा पैशाच्या बाबतीत जास्त जपून वागताना दिसली. हा म्हातारपणाचा स्वभाव? की त्या पिढीने लहानपणी टंचाई पाहिली होती म्हणून? की पाहणीच्या वर्षी मंदी होती आणि तिचा धसका म्हाताऱ्यांनी जास्त घेतला? एका पाहणीतून याचं उत्तर निघत नाही. आणि ही अडचण नमुना लहान असल्याची नाही. दहा लाख लोक घेतले तरी ती तशीच राहते, कारण ती गणितातच आहे.

एकाच वेळी वेगवेगळ्या वयाच्या लोकांची तुलना केली तर त्याला आडव्या छेदाचा अभ्यास म्हणतात. स्वस्त आणि झटपट. पण त्यात वय आणि पिढी यांची सरमिसळ होते. त्याच लोकांना वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तपासलं तर तो अनुदैर्घ्य अभ्यास. यात माणूस तोच राहतो, म्हणून वाटतं की प्रश्न सुटला. सुटत नाही. त्याची दुखणी वेगळी.

पहिलं दुखणं गळतीचं. दहा वर्षांनी बोलावलं की सगळे येत नाहीत. काही गाव सोडतात, काही कंटाळतात, काही आजारी असतात, काही गेलेले असतात. परत येणारे सरासरीपेक्षा जास्त निरोगी आणि जास्त शिकलेले निघतात. मग ‘सत्तरीतही बुद्धी शाबूत’ असं दिसतं, कारण ज्यांची शाबूत नव्हती ती माणसं आलेलीच नसतात. दुसरं दुखणं सरावाचं. तीच चाचणी तिसऱ्यांदा देणाऱ्याला तिची खोच कळलेली असते. आणि तिसरं, ज्यावर फारसं बोललं जात नाही: एकाच पिढीचा पाठपुरावा केला तर जे कळतं ते त्या पिढीबद्दल. पुढच्या पिढीचं म्हातारपण तसंच जाईल याची हमी नाही.

यातून वाट काढली वॉर्नर शाय यांनी. १९५६ मध्ये सिएटलमध्ये, पीएचडीच्या कामासाठी, त्यांनी विशीपासून साठीपर्यंतच्या ५०० जणांच्या चाचण्या घेतल्या. सात वर्षांनी त्यांतले जे सापडले त्यांना पुन्हा बोलावलं. शिवाय त्याच वयोगटांतली अगदी नवी माणसंही घेतली. मग दर सात वर्षांनी हेच. जुने परत येत राहिले, नवे भरती होत राहिले. त्यामुळे एकाच वयाच्या पण वेगळ्या पिढ्यांच्या माणसांची तुलना करता येऊ लागली, आणि पहिल्यांदाच चाचणी देणाऱ्यांशी जुन्यांची तुलना करून सरावाचा फायदा किती हेही तपासता आलं. माझ्या मते या शाखेतली ही सगळ्यांत हुशार युक्ती आहे. काहीही नवं यंत्र न आणता केवळ मांडणी बदलून तिने प्रश्नच बदलला.

निष्कर्ष असा निघाला की शब्दसंपत्ती, तर्क, अवकाशाचं भान अशा बहुतेक क्षमता सरासरीने साठीपर्यंत बऱ्यापैकी टिकतात. आकलनाचा वेग मात्र बराच आधी मंदावतो. सगळं एकदम उताराला लागत नाही. रेमंड कॅटेल आणि जॉन हॉर्न यांनी बुद्धीचे जे दोन भाग केले होते त्याच्याशी हे जुळतं: नवं कोडं सोडवण्याची प्रवाही बुद्धी लवकर उतरते, साठवलेल्या ज्ञानाची घनीभूत बुद्धी बराच काळ वाढत राहते.

वाद मात्र मिटलेला नाही. टिमथी सॉल्टहाउस यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात की सरावाचा परिणाम धरला त्यापेक्षा मोठा आहे आणि काही क्षमतांची घसरण विशी-तिशीतच सुरू होते. दोन्ही बाजूंना भक्कम आकडे आहेत, आणि वाद आहे तो नेमका ‘किती वजा करायचं’ याचाच.

पिढीचा फरक केवढा असू शकतो, हे जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवलं. जुन्या चाचण्या नव्या पिढीला दिल्या की दर दशकाला साधारण तीन गुण जास्त मिळत होते. १९८७ च्या त्यांच्या लेखात १४ देशांची आकडेवारी होती. इतक्या थोड्या काळात जनुकं बदलत नाहीत. शिक्षण, पोषण, अमूर्त विचारांची सवय हीच कारणं समोर येतात. नॉर्वेत १९७५ च्या आसपासपासून जन्मलेल्यांमध्ये तर हा चढ उलटा फिरला. २०१८ च्या अभ्यासात तो उतार एकाच घरातल्या थोरल्या-धाकट्या भावांमध्येही दिसला, म्हणजे तोही परिस्थितीतूनच आला होता.

सासष्ट वर्षांनी तीच प्रश्नपत्रिका

१ जून १९३२ रोजी स्कॉटलंडमध्ये १९२१ साली जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येक शाळकरी मुलाने एकच बुद्धिचाचणी दिली. एकूण ८७,४९८ मुलं. निकाल वह्यांत नोंदवले गेले आणि पुढे कुणाला त्यांची फारशी आठवण राहिली नाही. १९९० च्या दशकात इयन डिअरी आणि लॉरेन्स व्हॅली यांच्या हाती हे दप्तर लागलं. मग १ जून १९९८ ला, बरोबर सासष्ट वर्षांनी, अ‍ॅबर्डीनमध्ये त्यांनी त्याच मुलांपैकी काहींना, म्हणजे आता सत्याहत्तरीच्या आजी-आजोबांना, तीच प्रश्नपत्रिका, त्याच सूचना आणि तेवढाच वेळ देऊन पुन्हा सोडवायला लावली. ज्यांचे दोन्ही वेळचे गुण जुळवता आले असे १०१ जण होते.

अकराव्या वर्षीचे गुण आणि सत्याहत्तराव्या वर्षीचे गुण यांच्यातला सहसंबंध निघाला ०.६३. शून्य म्हणजे काहीच नातं नाही, एक म्हणजे पक्कं नातं. सहा दशकं, एक महायुद्ध, नोकऱ्या, संसार, आजार एवढं मध्ये येऊनही ०.६३ हा आकडा थक्क करणारा आहे. पण त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. तो सांगतो की वर्गातला क्रम बऱ्यापैकी टिकला. सरासरी वर गेली की खाली आली, याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. सगळ्यांचे गुण वीसने घटले असते तरी हा आकडा तेवढाच राहिला असता. विकासाच्या अभ्यासात हे दोन प्रश्न नेहमी वेगळे ठेवावे लागतात: सगळा गट कुठे सरकला, आणि गटात कोण कुठे सरकलं. ‘स्वभावाला औषध नाही’ म्हणणारा बहुधा दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलत असतो, आणि ‘वय झालं की माणूस निवळतो’ म्हणणारा पहिल्याबद्दल. दोघंही एकाच वेळी बरोबर असू शकतात.

बाकी, क्रम टिकला म्हणताना ०.६३ मध्ये बरीच मोकळी जागाही आहे. काही जण खूप वर गेले, काही खाली आले, आणि पुढची कित्येक वर्षं संशोधक नेमकं तेच का झालं हे शोधत राहिले.

ज्याला बोलता येत नाही त्याला विचारायचं कसं

आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला अडचण अगदी वेगळी. पाच महिन्यांच्या बाळाला प्रश्नावली देता येत नाही. १९५० च्या दशकाच्या शेवटी रॉबर्ट फँट्झ यांनी साधी गोष्ट हेरली: बाळाला बोलता येत नाही, पण ते कुठे पाहतं हे आपल्याला दिसतं. दोन चित्रं समोर धरली आणि एकीकडे सातत्याने जास्त वेळ पाहिलं, तर त्याला फरक कळतो हे नक्की.

आजही प्रयोगशाळेत साधारण असंच चालतं. बाळ आईच्या किंवा वडिलांच्या मांडीवर. पालकाच्या डोळ्यांवर पट्टी किंवा काळा चष्मा, नाहीतर त्यांची नजर जिकडे वळेल तिकडे बाळही वळेल. समोर पडदा, त्यावर एकच दृश्य पुन्हा पुन्हा. पलीकडच्या खोलीत एक निरीक्षक कॅमेऱ्यातून फक्त बाळाचा चेहरा पाहतो. बाळ पाहू लागलं की बटण दाबायचं, नजर हटली की सोडायचं. पडद्यावर काय चाललंय हे त्याला मुद्दाम कळू दिलं जात नाही. बाळ कंटाळतं, पाहण्याचा वेळ सुरुवातीच्या निम्म्यावर येतो, आणि तेव्हा नवं दृश्य दाखवतात. नजर पुन्हा खिळली, तर बाळाच्या लेखी काहीतरी बदललं आहे. (मध्येच बाळ रडू लागलं, झोपलं किंवा भुकेजलं की ती नोंद बाद. अशी बाद झालेली बाळं प्रत्येक अभ्यासात असतातच.)

या तंत्राने जाँ पियाजे यांच्या एका मताला धक्का दिला. पियाजेंच्या निरीक्षणानुसार साधारण आठ-नऊ महिन्यांच्या आधी बाळ लपवलेली वस्तू शोधत नाही, म्हणजे नजरेआड झालेली वस्तू त्याच्या लेखी उरतच नाही. १९८५ मध्ये रेने बायार्जों आणि सहकाऱ्यांनी पाच महिन्यांच्या बाळांसमोर एक पाटी उभी करून मागे आडवी होऊ दिली. वाटेत एक खोका होता, पाटी वर आली की तो झाकला जायचा. एका दृश्यात पाटी खोक्याला अडून थांबायची. दुसऱ्यात, खोका जणू नाहीच अशा थाटात, पूर्ण आडवी व्हायची. बाळांनी या अशक्य दृश्याकडे जास्त वेळ पाहिलं. याचा अर्थ झाकलेला खोका त्यांच्या लक्षात होता, असं बायार्जों यांचं म्हणणं. टीकाकार म्हणतात, जास्त वेळ पाहणं म्हणजे ‘समजणं’ नव्हे, पाटी जास्त हलली म्हणूनही नजर खिळू शकते. मला यात पियाजे चुकले की बरोबर यापेक्षा एक गोष्ट महत्त्वाची वाटते: हात पुढे करून वस्तू उचलायला लावली की एक वय मिळतं, नुसतं पाहायला लावलं की दुसरं. बाळाला काय येतं याचं उत्तर विचारण्याच्या पद्धतीवर ठरतं.

अशा अभ्यासांत बाळं वीस-तीसच असायची, हीसुद्धा मोठी कमजोरी. म्हणून आता अनेक प्रयोगशाळा एकच प्रयोग मिळून करतात. मोठी माणसं बाळाशी लाडिक, चढ्या सुरात बोलतात ते बाळांना खरंच जास्त आवडतं का, हे ६७ प्रयोगशाळांनी मिळून तपासलं. २०२० मध्ये आलेलं उत्तर: हो, आवडतं, पण आधीच्या अभ्यासांवरून वाटत होतं त्यापेक्षा कमी.

लहानपणावरून पुढचं भाकीत

लहानपणी मिठाईचा मोह आवरणारी मुलं पुढे यशस्वी होतात, हे वॉल्टर मिशेल यांच्या प्रयोगाचं ऐकीव रूप सगळीकडे पोचलं आहे. त्यात मुलापुढे एक मिठाई ठेवायची आणि सांगायचं: आता एक खा, किंवा थोडं थांबलास तर दोन मिळतील. मूळ मुलं स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली, म्हणजे बहुतेक सुखवस्तू, शिकलेल्या घरांतली. २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी ९०० हून अधिक मुलांची अधिक व्यापक आकडेवारी तपासली. थांबण्याचा पुढच्या यशाशी असलेला संबंध मुळातल्याच्या निम्मा निघाला, आणि घरची परिस्थिती व लहानपणची आकलनक्षमता हिशोबात धरली की त्यातलाही दोनतृतीयांश गळून पडला. ज्या घरात आज कबूल केलेलं उद्या मिळतंच, तिथल्या मुलाला थांबणं सोपं जातं, असाही याचा एक अर्थ लावला जातो.

म्हणजे लहानपणचा संयम फोल? तसंही नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास अजून चालू आहे. तिथे संयम एका मिठाईवर मोजला नाही. पालक, शिक्षक, निरीक्षक आणि स्वतः मुलं यांच्याकडून वयाच्या तीन ते अकरा वर्षांत अनेकदा नोंदी घेतल्या. बत्तिसाव्या वर्षीच्या आरोग्याशी, पैशाच्या स्थितीशी आणि गुन्ह्यांच्या नोंदींशी त्या नोंदींचं नातं दिसलं, घरची परिस्थिती आणि बुद्ध्यंक धरूनही. या अभ्यासाची ताकद गळती रोखण्यात आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी हयात असलेल्या ९९७ पैकी ९३८ जण तपासणीला आले. जे परदेशात गेले त्यांना विमानाचं तिकीट काढून बोलावतात.

पण नातं म्हणजे कारण नव्हे, आणि इथे प्रयोग करता येत नाही. मुलाला मुद्दाम उपेक्षेत वाढवून पाहायचं म्हणजे गुन्हाच. एका ठिकाणी मात्र परिस्थितीनेच वाट दिली. रुमानियात अनाथालयांत हजारो मुलं होती आणि मूल दत्तक न घेता घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांची सोय जवळपास नव्हती. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी २००० पासून बुखारेस्टमध्ये अशी कुटुंबं उभी केली. जागा थोड्या होत्या, म्हणून १३६ पैकी निम्मी मुलं चिठ्ठी टाकावी तशी निवडून तिथे पाठवली. बाकीच्यांना संस्थेत अडकवून ठेवायचं नाही, घर मिळालं तर जाऊ द्यायचं, असं आधीच ठरलं होतं. कुटुंबात गेलेल्यांचा बुद्ध्यंक सुधारला, आणि जी साधारण दोन वर्षांची व्हायच्या आत गेली त्यांचा जास्त. त्यावर नैतिक वाद झाले ते साहजिकच होते. तरी लहान वयातली उपेक्षा बुद्धीला खुंटवते, केवळ तिच्यासोबत दिसते असं नाही, हे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कशातून क्वचितच कळलं असतं.

वयाच्या आत दडलेलं

मधल्या वयाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण तिथे अभ्यासापेक्षा दंतकथा जास्त. ‘मिडलाइफ क्रायसिस’, म्हणजे मध्यमवयातला मानसिक पेच, हा शब्दप्रयोग १९६५ मध्ये एलियट जॅक्स यांनी कलावंतांच्या चरित्रांवरून काढला. डॅनिएल लेव्हिन्सन यांनी पुढे ४० अमेरिकी पुरुषांच्या मुलाखती घेऊन प्रौढपणाचे टप्पे आखले. एका देशातले, एका पिढीतले, सगळे पुरुष. त्यावरून अवघ्या माणसजातीचं वेळापत्रक काढणं म्हणजे वर सांगितलेल्या फोटोहून बरं नव्हे.

म्हातारपणाचं मात्र आश्चर्य आहे. लॉरा कार्स्टनसन यांनी १८ ते ९४ वयाच्या १८४ जणांना पेजर दिले. आठवडाभर, दिवसातून पाच वेळा, कधीही तो वाजायचा आणि त्या क्षणी जे वाटत असेल ते नोंदवायचं. म्हाताऱ्यांनी नकारात्मक भावना तरुणांपेक्षा कमी वेळा नोंदवल्या. शरीर थकतंय, सोबती जातायत, तरी मन तुलनेने शांत. कार्स्टनसन यांचं स्पष्टीकरण असं की उरलेला काळ थोडा आहे हे जाणवलं की माणूस जवळच्या माणसांकडे वळतो, नव्या ओळखी आणि दूरचे बेत सोडून देतो. हे तपासायला त्यांनी वय आणि उरलेला काळ वेगळे केले: एचआयव्हीची लक्षणं दिसू लागलेल्या तरुण पुरुषांकडे त्यांनी पाहिलं. माणसांची निवड करताना त्यांचा विचार समवयस्कांपेक्षा म्हाताऱ्यांच्या जवळ जाणारा निघाला. म्हणजे ज्याला आपण म्हातारपण म्हणत होतो त्यातलं काही वयाचं नव्हतंच.

वय स्वतः काही करत नाही. ते नुसतं कॅलेंडर मोजतं. त्या काळात जे घडतं ते करतं. रॉबर्ट क्लिमायर यांनी १९६२ मध्ये हेच दुसऱ्या बाजूने दाखवलं. वृद्धांचे गुण जन्मापासूनच्या वर्षांनुसार न लावता मृत्यूपासूनच्या अंतरानुसार लावले, तर मरणाआधीच्या काही वर्षांत ते झपाट्याने घसरलेले दिसतात. सत्तरीतली सरासरी घसरण म्हणजे काही अंशी ठणठणीत आणि अखेरीला आलेल्यांची बेरीज.

हे सगळं ज्ञान प्रामुख्याने थोड्या श्रीमंत देशांतून आलं आहे, ही टीका आता सगळेच मान्य करतात. पण बाहेरचे देश घेणं हा केवळ प्रतिनिधित्वाचा प्रश्न नाही. स्तनपानाचं उदाहरण घ्या. श्रीमंत देशांत शिकलेल्या, सुस्थितीतल्या आया जास्त काळ स्तनपान देतात, त्यामुळे मुलांची बुद्धी दुधामुळे की घरामुळे हे सुटं करता येत नाही. ब्राझीलच्या पेलोटास शहरात १९८२ मध्ये रुग्णालयांत जन्मलेल्या ५,९१४ बाळांची नोंद झाली, आणि तिथे त्या वेळी स्तनपानाचा काळ गरिबी-श्रीमंतीवर ठरत नव्हता. तिसाव्या वर्षी त्यांतल्या साडेतीन हजारांजवळ लोकांची चाचणी घेतली, तेव्हा वर्षभर किंवा जास्त काळ स्तनपान मिळालेल्यांचा बुद्ध्यंक एक महिन्यापेक्षा कमी मिळालेल्यांपेक्षा सुमारे पावणेचार गुणांनी जास्त निघाला. जे कोडं युरोप-अमेरिकेत गुंतलेलंच राहिलं असतं, ते पेलोटासच्या आकडेवारीने निदान एका बाजूने सैल केलं.